रिकामी परत न जाणारी टोपली

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. बांबूची, झाकणाची, दोन्ही बाजूंना कड्या असलेली. आता माझ्यात कोणी कांदेसुद्धा ठेवत नाही, कारण ते बुडाच्या भोकातून निसटून चुलीपर्यंत घरंगळत जातात. तरी घरमालकीण धुरपताबाई मला जाळत नाहीत. दर दिवाळीला पुसतात आणि पुन्हा खुंटीला अडकवतात. असं का, ते सांगायला आज मी तोंड उघडलं आहे. तसं माझं तोंड उघडंच असतं. झाकण कधीच हरवलं.

माझा जन्म गोंदियाच्या बाजारातला. शामकला नावाच्या बुरडीणबाईने देवरीकडच्या जंगलातला बांबू फोडून मला विणलं. विणायला सांगणारा होता छोटेलाल. तो रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाकडे स्वयंपाकी होता. सत्तेचाळीस साली साहेब आपल्या देशी निघून गेला आणि जाताना टॉमी व लिली अशी सशाएवढी दोन पांढरी कुत्री छोटेलालच्या ओटीत टाकून गेला. छोटेलालने त्यांना पोटच्या लेकरांसारखं सांभाळलं. त्यांना पिल्लं झाली की ती नेऊन द्यायला त्याला टोपली हवी होती.

"कोंबडी ठेवाची हाये का भाऊ?" शामकलाने विचारलं.

"मुर्गी नाही बाई, बच्चा ठेवायचा आहे."

"मंग आतून घासूनच द्या लागते," ती म्हणाली. तिने माझ्या आतली एकेक कामटी काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केली. जिवाला बोचू नये म्हणून माझ्यावर मेहनत घेणारी ती पहिली.

आमच्या भागाची एक रीत तुम्हाला ठाऊक असेलच. भरलेली टोपली ज्याच्या घरी जाते, तो ती रिकामी परत पाठवत नाही. कोणी तांदूळ घालतो, कोणी पेरू. काहीच नसलं तर तुळशीची दोन पानं तरी टाकतो. मी पिल्लू घेऊन जात असे आणि बोरं, पोहे, एकदा तर चक्क रताळी घेऊन परत येत असे. रिकामी मी कधीच आले नव्हते. मला त्याचा थोडा गर्वच होता.

बावन्न साली गोंदियाच्या राममंदिरात कीर्तनाचा सप्ताह होता. छोटेलाल कीर्तनाचा वेडा. एक पिल्लू माझ्यात घालून तोही जाऊन बसला. त्याच्या शेजारी भैयाजी बसले होते. भैयाजी तिरोड्याजवळच्या, बोदलकसा तलावाच्या अलीकडच्या एका लहान गावचे. त्यांच्या घराण्यात तलाव बांधण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. धान आणि कीर्तन, या दोन गोष्टींसाठी ते कितीही कोस चालत. बुवांचा पूर्वरंग संपेपर्यंत माझ्यातून चूं की चां झालं नाही. उत्तररंगाला टाळ वाजला आणि पिल्लाने झाकण डोक्याने वर करून कान उभे केले.

"लेकरू मोठं भाविक दिसते," भैयाजी म्हणाले.

झालं. कीर्तन संपलं तेव्हा पिल्लू भैयाजींच्या मांडीवर झोपलं होतं. छोटेलालने ते त्यांना देऊन टाकलं. मात्र निरोप देताना तो म्हणाला, "भैयाजी, इस बार पेरू-रताळं नको. लिली आता म्हातारी झाली. हे पिल्लू मादी आहे. हिला पिल्लं झाली की एक मादी याच टोपलीत घालून पाठवा. साहबची निशानी आहे. टोपली खाली मत भेजना."

"शब्द देतो," भैयाजी म्हणाले. देवासमोर, कपाळाला बुक्का लावलेला असताना म्हणाले. म्हणून मी भैयाजींच्या घरी राहिले. भरून परत जाण्याची वाट पाहत.

भैयाजींच्या बायकोने, धुरपताबाईंनी, झाकण उघडून आत पाहिलं. "उंदीर आणला का तुमी?"

"कुत्री हाये."

"हे कुत्री? हिले तं आपली मांजर ओसरीवरून हाकलून देईन."

त्याच उन्हाळ्यात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, प्रेमिलाचं, देवरीला लग्न झालं होतं. घर ओकंबोकं वाटत होतं. आठ दिवसांत "उंदीर" धुरपताबाईंच्या पदराखाली झोपू लागला. त्यांनी तिचं नाव चिमणी ठेवलं आणि माझ्यात जुन्या लुगड्याची घडी अंथरली. मी चिमणीचं घर झाले. तिच्या अंगाची ऊब, तिचा श्वास, झोपेत हलणारी शेपटी, सगळं मला आतून कळत असे. मित्रांनो, टोपलीला याहून मोठं सुख असतं, असं मला वाटत नाही.

गावच्या मारुतीच्या देवळात दर एकादशीला गोवर्धनबुवांचं कीर्तन असे. भैयाजी मला कडीला धरून नेत. टाळ वाजला की चिमणी माझ्यातून उडी मारायची आणि बुवांच्या पुढे नाचायची. मागचा एक पाय पोटाशी घ्यायची आणि उरलेल्या तीन पायांवर ठुमकत जायची. मग पाय झटकन झाडायची आणि पुन्हा चारही टेकवायची. लोक हसून लोटपोट होत. बायका तिची दृष्ट काढत बोटं मोडत. बुवासुद्धा म्हणत, "आमच्याहून हिलाच ताल जास्त कळतो."

साऱ्या गावाला तिचं पिल्लू हवं होतं. "नाचनारंच देजा हो भैयाजी," असं लोक रस्त्यात थांबवून सांगत. भैयाजींची छाती फुगायची. माझीही फुगली असती, पण मी बांबूची.

चिमणी दहा महिन्यांची झाली आणि माजावर आली. कोणाच्या तरी तोंडून ते छोटेलालला कळलं. त्याचा निरोप आला: टॉमी गेला, लिलीही गेली. चिमणीचा सख्खा भाऊ राजा माझ्याकडे आहे. चिमणीला घेऊन या, बाकी मी पाहतो.

भैयाजींनी मला खुंटीवरून काढलं. धुरपताबाईंनी माझी दुसरी कडी धरली.

"कुठी निघाले?"

"गोंदियाले. शब्द देल्ला हाये."

"दहा महिन्याची पोट्टी हाये ते. अजून स्वतःच्या शेपटीमांगं धावते. अन नवरा कोन, तं सख्खा भाऊ?"

"अवो, कुत्र्यायचं असं काही नसते."

"प्रेमिलाच्या सोयरिकीले तुमी पाच गावं फिरले. कूळ पाह्यलं, मामाचं घरानं पाह्यलं, पोराचे दातसुद्दे पाह्यले. हिच्यासाठी एक गावही नाई?"

"तिचे मामा कुठून आणू मी आता?"

"ते तुमचं तुमी पाहा. बुवाच्या कीर्तनात तं मुंगीच्या जिवाचीही कदर करा, असं आयकून येता."

भैयाजींनी मला पुन्हा खुंटीला अडकवलं. छोटेलालला त्यांनी कळवलं, थोडं थांबा, पोर मोठी होऊ द्या. त्या दिवसांत धुरपताबाईंनी चिमणीला घरातच कोंडून ठेवलं. गावातले मोठे कुत्रे दारात येऊन बसत. धुरपताबाई खराटा घेऊन त्यांना हाकलत. एवढ्याशा जिवाच्या पोटात त्या दांडग्या कुत्र्यांची पिल्लं मावायची नाहीत, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही.

एक वर्ष गेलं. चिमणी पुरती वयात आली. भैयाजी खरंच सोयरीक पाहू लागले. जावयाकडून कळलं की देवरीला जंगल खात्यात उमराव नावाचे नाकेदार आहेत. त्यांच्याजवळ नागपूरहून आणलेला असाच लहान जातीचा कुत्रा होता, दुसऱ्या घराण्यातला. भैयाजी स्वतः जाऊन त्याला पाहून आले. घरी आल्यावर त्याचं वर्णन असं करू लागले, जणू वराचंच करत होते. "अंगानं बरोबरीचा हाये. स्वभाव गरीब. जेवन मोजकं."

"पगार किती?" धुरपताबाईंनी विचारलं.

उमराव नाकेदार मात्र शहाणे निघाले. त्यांनी एक अट घातली. आधी जनावरांच्या डॉक्टरला मादी दाखवा, ती धड आहे की नाही पाहा, मगच आणा. भैयाजींना ती अट थोडी लागली. आपल्या लेकीला कोणी दाखवून आणा म्हणावं, तसं. तरी ते आणि धुरपताबाई मला घेऊन बंडीने तिरोड्याला आणि तिथून गाडीने गोंदियाला गेले.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी चिमणीला टेबलावर ठेवलं, छातीला नळी लावली, दात पाहिले. भैयाजी कौतुकाने म्हणाले, "साहेब, हे कीर्तनात नाचते."

"कशी नाचते?"

भैयाजींनी खिशातले टाळ काढून वाजवले. चिमणी जमिनीवर उतरली आणि धावली. चार पावलांवर तिचा मागचा पाय पोटाशी गेला. तीन पायांवर ठुमकली. पाय झाडला.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिला जवळ घेतलं, तो पाय हातात धरला आणि भैयाजींचं बोट तिच्या गुडघ्यावर ठेवलं. पाय हळूच वाकवला. बोटाखाली काहीतरी टक् करून सरकलं.

"ही गुडघ्याची वाटी. जागेवरून सरकते, तेव्हा तिला पाय टेकवत नाही. झाडला की वाटी परत जागेवर बसते. टाळ वाजतो म्हणून ती धावते, आणि धावते म्हणून वाटी सरकते. नाच नाही तो, बाबा."

धुरपताबाईंनी चिमणीचा पाय पदरात घेतला.

"दुखत असन का हो तिले?" त्यांनी विचारलं.

"कधी कधी दुखत असेल. उड्या मारू देऊ नका, वजन वाढू देऊ नका. छान जगेल. पण हे आईबापांकडून येतं आणि पिल्लांत उतरतं. नर कितीही चांगला आणा. माझं ऐकाल तर हिला पिल्लं होऊ देऊ नका."

परतीच्या गाडीत भैयाजी खिडकीबाहेर पाहत होते. टाळ खिशात वाजू नयेत म्हणून त्यांनी ते रुमालात गुंडाळले होते.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल निर्णय सोपा होता. पण भैयाजींनी देवासमोर शब्द दिला होता आणि त्यांच्यासारख्या माणसाला ते साधं नव्हतं. योगायोग असा, की त्या एकादशीला बुवांनी शब्दासाठी राज्य सोडणाऱ्या राजाचं आख्यान लावलं. सारं देऊळ डोळे पुसत होतं. टाळ वाजला, चिमणी माझ्यातून उडी मारायला उठली. भैयाजींनी तिला तशीच उचलून मांडीवर घेतलं आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. उभ्या आयुष्यात त्यांचा टाळ त्या दिवशी पहिल्यांदा चुकला.

घरी येताना ते पुटपुटले, "त्या राजानं शब्दापायी सारं सोडलं."

"हव," धुरपताबाई म्हणाल्या. "बायको अन पोरगंही इकलं त्यानं. तुमी कुत्री इका."

दुसऱ्या दिवशी भैयाजी बुवांकडे गेले. मला आणि चिमणीलाही नेलं. सगळी हकीकत सांगून म्हणाले, "बुवा, शब्द मोडला तं पाप लागते का?"

गोवर्धनबुवा पान लावत होते. त्यांनी चिमणीकडे पाहिलं. "शब्द तुम्ही दिला, भैयाजी. फेडायचा तिच्या हाडांनी. तिला विचारलं होतं काय?"

भैयाजी उठताना म्हणाले, "आमचे आजे सांगत, पाळ कच्ची असली तं तलावात पानी भरू नका. पानी कितीही चांगलं असो."

"मग मला कायले विचारता?" बुवा म्हणाले आणि पान तोंडात घातलं.

गोंदियाला जायचा दिवस ठरला. भैयाजी म्हणाले, "टोपली रिकामीच नेतो. त्यात पेरू घातले तं ते खोटं होईन. त्याले पिल्लू पाह्यजे होतं, ते आपन देऊन नाई राहिलो. रिकामी टोपली पाहून त्याले समजन."

मला फार वाईट वाटलं. जन्मात पहिल्यांदा मी रिकामी परत जाणार होते. भैयाजींनी मला उचललं आणि ते दाराबाहेर पडणार, तोच चिमणी धावत आली. तिला काय ठाऊक रीतभात. टोपली निघाली म्हणजे आपण निघालो, एवढंच तिला माहीत. ती आत येऊन लुगड्याच्या घडीवर गोल होऊन बसली.

छोटेलालचं घर स्टेशनमागे होतं. तो आता वाकला होता. भैयाजींच्या हातात मला पाहून त्याचा चेहरा उजळला. "लाए?" त्याने विचारलं.

भैयाजींनी मला खाली ठेवलं. तेवढ्यात आतून राजा धावत आला. चार पावलं चार पायांवर. मग मागचा एक पाय पोटाशी, आणि तीन पायांवर ठुमकत ठुमकत.

भैयाजी खाली बसले. त्यांनी राजाचा पाय हातात घेतला आणि छोटेलालचं बोट त्याच्या गुडघ्यावर ठेवलं, डॉक्टरांनी त्यांचं ठेवलं होतं तसंच. टक्. मग माझं झाकण उघडून तेच बोट चिमणीच्या गुडघ्यावर ठेवलं. टक्.

सगळं सांगून झालं. छोटेलाल राजाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "टॉमीभी ऐसाही नाचता था," तो म्हणाला. "साहब सांगून गेला होता, टॉमी-लिली भाऊ-बहीण आहेत, पिल्लांसाठी बाहेरचा जोडा बघ. मी म्हटलं, कोण शोधणार? मैंने नहीं देखा, भैयाजी. मी नाच बघत राहिलो."

"मीही तेच पाह्यत होतो," भैयाजी म्हणाले. "माह्या शब्दाचं तेवढं माफ कर. तुही टोपली रिकामी घेऊन आलो."

"खाली कहाँ है?" छोटेलालने माझ्यात हात घातला. चिमणीने तो चाटला. "आप तो भरके लाए." त्याने तिला उचलून छातीशी धरलं, तिचं डोकं हुंगलं. क्षणभर मला वाटलं, आता हिला तो ठेवून घेणार. मग त्याने तिला अलगद लुगड्याच्या घडीवर ठेवलं आणि मला भैयाजींच्या हातात दिलं. "आणि मी तरी खाली कशी पाठवू?"

अशी मी भरून गेले आणि भरून परत आले.

राजाचाही जोडा छोटेलालने मग पाहिला नाही. राजा त्याच्या पायाशी म्हातारा झाला. भैयाजी गोंदियाला कीर्तनाला गेले की दोघे शेजारी बसत. मांडीवर एकेक पांढरं कुत्रं, आणि दोघांचाही एक हात कुत्र्याच्या गुडघ्यावर. आमच्या गावात चिमणी माझ्यात बसूनच कीर्तन ऐकू लागली. लोकांना सुरुवातीला चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग बायका तिच्यासाठी प्रसादाचा खडा माझ्याजवळ आणून ठेवू लागल्या, आणि वजन वाढेल म्हणून धुरपताबाई तो स्वतःच खाऊ लागल्या.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका माघात चिमणी माझ्यातच झोपली ती उठली नाही. भैयाजींनी तिला तलावाच्या पाळीवर पुरलं.

मित्रांनो, एक जीव घरी आणताना त्याची गंमत पाहता, तसा त्याचा पायही हातात धरून पाहा. त्याचा वंश पुढे न्यायचा तर आधी त्याचं वय पाहा, त्याचं घराणं पाहा, आणि त्याच्या अंगाला ते पेलेल का, हे जाणत्याला विचारा. पेलणार नसेल तर तो एकटाच भरपूर आहे असं समजा. शब्द दिला असेल तर तो मागे घ्यायची लाज बाळगू नका.

आणि मी खुंटीवर रिकामी टांगलेली आहे असं समजू नका. शामकलाने घासलेल्या माझ्या कामट्यांत अजून पांढरे केस अडकून आहेत. धुरपताबाई दर दिवाळीला मला पुसतात, पण ते केस तेवढे सोडून पुसतात.