पडद्यावर उमटलेलं नाव

कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये पार जिन्यापर्यंत माणसं उभी होती. सगळ्यांचे डोळे हॉलमध्ये मांडलेल्या अनिरुद्धच्या संगणकावर खिळले होते. अनिरुद्धला जाऊन वर्ष झालं होतं.

"ये बाळा, आईला नाव सांग!" तेजोनाथ महाराज घुमले.

काळ्या पडद्यावर संगणकाचं नाव होतं 'हॉल'. बघता बघता ते गेलं आणि 'अनिरुद्ध' उमटलं.

प्रेमलाबाईंनी हंबरडा फोडला. त्यांची सून चैताली शहारली. नवरा मागेच उभा आहे असं वाटून तिनं वळूनसुद्धा पाहिलं.

"त्याची इच्छा एकच," महाराज म्हणाले. "पत्नीनं नोकरी सोडून मठात सेवेला राहावं. तरच तो सुटेल."

"जाशील ना गं?" सासूबाईंनी तिचे हात धरले. चैतालीच्या ओठांवर होकार आलाच होता.

"महाराज, दादा वहिनीला लाडानं काय म्हणायचा, तेही विचारा की," नणंद सोनाली म्हणाली. ती कॉलेजात संगणक शिकवायची.

"आत्म्याला चेष्टा खपत नाही!"

"आमच्या दादाला खपायची."

चैतालीला आठवलं, नाव उमटण्याआधी महाराजांचा शिष्य सुखदेव समई लावायला अनिरुद्धच्या खोलीत गेला होता. ती उठली. सुखदेव दारात आडवा आला, तशी त्याला बाजूला सारून वर्षभरात प्रथमच ती त्या खोलीत शिरली. अजून अनिरुद्धचाच वास होता. समईशेजारी, तो गेल्यापासून बंद असलेला त्याचा जुना वाय-फायचा डबा हिरवा लुकलुकत होता. तिनं बटण बंद केलं.

थोड्या वेळानं बाहेर कुणीतरी ओरडलं, "नाव गेलं! परत 'हॉल' आलं!"

"जाणारच," सोनाली म्हणाली. "या संगणकाला स्वतःचं पक्कं नाव दिलेलं नाही. ज्या नेटवर्कला जोडाल, ते देईल ते नाव हा लावतो. हॉलमधली वायर 'हॉल' म्हणते. दादानं आपल्या डब्यात स्वतःचं नाव घालून ठेवलं होतं. दोन्ही जोडली की दादाच्या डब्याचं चालतं. गेल्या आठवड्यात इंटरनेट दुरुस्त करायला आलास, तेव्हाच हे बघून ठेवलंस ना, सुखदेव?"

सुखदेव जिन्याकडे सरकला. महाराज चपला शोधू लागले.

"म्हणजे तो आलाच नव्हता?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

"नाही, आई." हे म्हणताना चैतालीला तो पुन्हा एकदा गेल्यासारखं वाटलं. सासूबाईंना जवळ घेऊन ती लोकांकडे वळली. "मलाही तो हवा होता, म्हणून मीही फसत होते. तुमच्या घरी असं काही घडलं, तर हात जोडण्याआधी एकदा आतल्या खोलीत जाऊन बघा."