धुऊन पाठवलेला ट्रॅक्टर

लवूने ट्रॅक्टर आणला तेव्हाच विमलाने कपाळावर हात मारला होता. अहो, भाताचे कोपरे केवढे, तर चटईएवढे! त्यात ते धूड वळणार कसं? आणि वळलंच तर शेजाऱ्याच्या भातात उभं. पण वीस वर्षं जहाजावर काढलेल्या माणसाला गावात काहीतरी मिरवायचं असतं. सहा वर्षं ट्रॅक्टरवर कोंबड्या बसल्या.

आता मात्र त्याला काम मिळालं. मुलगा हर्षद टांझानियात होता. त्याने तिथे चाळीस एकर कसायला घेतली होती. मालकाची अट एकच, पावसाआधी नांगरट, नाहीतर जमीन दुसऱ्याला. म्हणून लवूने ट्रॅक्टर बोटीने तिकडे पाठवायचं ठरवलं.

बोटीने माल पाठवणारा मांडवीचा एजंट गुरुप्रसाद बजावून गेला, "वहिनी, शेतात वापरलेलं यंत्र परदेशात जायचं तर मातीचा कण चालत नाही, दाणा नाही, काडी नाही. बंदरावर तपासतात. सापडलं की जहाज चुकलं म्हणून समजा."

"हां हां, ठाऊक आहे," लवू म्हणाला. म्हणजे करायचं विमलाने! चार दिवस ती टायरच्या खाचांतला चिखल दात घासायच्या ब्रशाने काढत बसली, आणि हा खुर्ची टाकून बंदरांच्या गप्पा सांगत बसला.

पाचव्या दिवशी त्याने गाव बोलावलं. महिपत मानकऱ्याने देवीला गाऱ्हाणं घातलं, चाकावर नारळ फुटला, अक्षता तर अशा उधळल्या की जसं ट्रॅक्टरचंच लगीन.

"शाब्बास!" विमला कडाडली. "मी मेली घासतेय नि तुम्ही तांदूळ पेरताय? अकलेचे कांदे सगळे!"

महिपत खाली मान घालून निघून गेला. तिने पुन्हा पाणी मारलं, दाणा न् दाणा वेचला.

ट्रक दारात लागला आणि तिच्या मनात आलं, परक्या मुलखात पोरगा एकटा, पाठीशी आपली देवी नको? शिमग्यात पालखी बसते त्या सहाणेवर ती धावत गेली, चिमूटभर माती कागदात बांधली आणि सीटखाली खुपसली. चिमटीभर मातीने काय आभाळ कोसळतंय!

कोसळलं. तिसऱ्या दिवशी गुरुप्रसादचा फोन आला. पुडी सापडली, जहाज गेलं, पुढचं महिन्याने. लवूने हर्षदला कळवलं आणि तडक महिपतचं अंगण गाठलं.

"पुडी तूच ठेवलीस! तुझ्या गाऱ्हाण्याने घात केला, अडाण्या!"

महिपत बिचारा देवीच्या शपथा घेत होता. मागोमाग आलेली विमला गप्प राहती, तर कुणाला काही कळतंही ना.

"त्याला नका बोलू. पुडी मी ठेवली."

तेवढ्यात हर्षदचा फोन आला. महिन्याचा उशीर ऐकताच मालकाने दुसरा माणूस ठरवला होता. विमलाने रडत रडत त्याला सगळं सांगितलं.

"आई," तो म्हणाला, "माती काय इकडे नव्हती?"