दाटीच्या बाटलीतले पंख

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. किती जुना ते विचारू नका. मान खालीवर केली की मी करकरतो, त्यावरून काय ते ओळखा. काच घासणाऱ्या कुशल हातांनी मला घडवले आणि तेव्हापासून या प्रयोगशाळेत मी पिकल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या चिमुकल्या माश्या पाहतो आहे. हसू नका. माशी पाहायलाही नजर लागते.

तरुणपणी माझा काय तोरा होता! माझ्यापाशी बसायला रांग लागे. अळीच्या अंगात पेशींची एक इवलीशी पिशवी असते आणि तिचाच पुढे पंख होतो, हे कितीजणांनी माझ्याच डोळ्यांनी पाहिले. त्या पिशवीच्या मधल्या पट्ट्यातून एक रेणू निघतो आणि निरोप्याचे काम करतो. अत्तराची कुपी उघडली की जवळ दरवळ आणि लांब नुसती चाहूल, तसा तो पसरतो. निरोप किती जोरात आला, त्यावरून प्रत्येक पेशी आपली जागा ओळखते. इथे शीर, तिथे कड, इथे अजून थोडी वाढ. मुकादम नाही, आरडाओरडा नाही, तरी पंख बिनचूक! मला अजूनही नवल वाटते.

मग पडद्याचा नवा सूक्ष्मदर्शक आला आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. माझ्यावर धूळ बसली. लोक माझ्या डोक्यावर हातमोजे वाळत घालू लागले. वाईट वाटे, खोटे कशाला बोलू?

अशात एक संशोधक मुलगी आली. चालता चालता कोटाच्या बाह्या चढवायची, म्हणून सगळे तिला 'घाई' म्हणत. नव्या यंत्रावर तिचा नंबर लागेना, म्हणून ती माझ्याकडे वळली. तिचा धाकटा भाऊ फोनवर चिडवायचा, "काय ताई, एवढं शिकून शेवटी माश्याच मारतेस ना?"

"मारत नाही रे, निरखतेय!"

रेणूचा निरोप कमजोर केला तर पंखावरच्या शिरा कुठे जातात, हा तिचा स्वतःचा प्रश्न होता. तुलनेसाठी तिने साध्या, धडधाकट माश्यांची एक बाटली ठेवली होती. पण घाईच ती! आईबाप माश्यांना वेळेवर नव्या बाटलीत हलवायला विसरली. त्या अंडी घालतच राहिल्या. अळ्यांची दाटी झाली, खाणे पुरले नाही आणि शेवटी निघाल्या त्या माश्या अगदीच किडकिडीत.

तिच्या मॅडमनी बाटली उजेडात धरली. "अगं, उपाशी वाढल्यात या. आता तुलना कशाशी करणार? फेकून दे. आणि हा विषयही बंद करू. किती दिवस चाचपडायचं? सोमवारपासून दुसऱ्या कामाला लाग."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. ती कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेली आणि काय वाटले कोण जाणे, परत फिरली. माश्यांना गुंगी देऊन तिने त्या माझ्याखाली पसरल्या आणि जराही घाई न करता पाहत बसली.

पंख इवलेसे होते. पण मित्रांनो, एकही शीर चुकली नव्हती! सगळ्या आपापल्या जागी, फक्त जवळ जवळ सरकून बसलेल्या.

"मॅडम, जरा या ना!"

मॅडम बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "पंख लहान, तरी नक्षी पुरी. असं होतं, ते माहीत आहे गं आम्हाला. पण पंख लहान राहिलाय हे त्या निरोपाला कळतं कसं, यावर अजून वाद चाललेत."

"मग मी तेच शोधू?"

"शोध. पण आता दाटी मुद्दाम कर, विसरून नको!"

घाई इतकी हसली की मीही टेबलासकट हललो. मग तिने माझ्या काचा मऊ कापडाने पुसल्या. कितीतरी वर्षांनी मला स्वच्छ दिसले. गुंगी उतरली तशा त्या किडकिडीत माश्या एकेक करून उडू लागल्या.

मित्रांनो, माझे मागणे एवढेच. जुने, खुरटे, बिघडलेले म्हणून काही टाकायला निघालात, तर आधी ते उजेडात धरून नीट पाहा. त्या माश्यांना पोटभर खायला मिळाले नव्हते, पण पंख त्यांनी अर्धा सोडला नव्हता.