दुसरी मान्यता

दादानं आधी तिचा लॅपटॉप भिंतीवर आपटला, मग तिला.

चाळिशी उलटली तरी तो तिला चिमणीच म्हणायचा. भावंडांनी मिळून सॉफ्टवेअरचा एक सांगाडा उभा केला होता. त्यावर कुणी दवाखान्याची नोंदणी बांधली, कुणी शाळेची. सगळ्यांना फुकट. देणगी मागितली की लोक हात जोडल्याचं चित्र पाठवत. आता एक कंपनी दोघांना जन्मभर पोसायला तयार होती. अट एकच, सांगाडा यापुढे कंपनीच्या कुलपात. मुदत आज संध्याकाळपर्यंत.

तसा बदल दादानं लिहून ठेवला होता. पण एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचून मान्य केल्याशिवाय आत घ्यायचं नाही, हा नियम दोघांचाच. आणि चिमणीची मान्यता तिच्या गळ्यातल्या, संगणकात खुपसायच्या बोटभर चावीशिवाय उमटत नसे. ती हरवली तर नवी यायला आठवडा.

"आभार चुलीवर शिजत नाहीत, चिमणे. दे मान्यता."

"लोकांनी विश्वासानं घरं बांधली, दादा. आता त्यांच्या पायाखालची जमीन विकायची?"

त्यानं तिची करंगळी मागे वाकवली. काटकी मोडल्यासारखा आवाज आला. डुगडुगत्या टेबलाचा पाय ठोकायची हातोडी उचलून तो म्हणाला, "अजून नऊ आहेत."

तिनं त्याच्या यंत्रात चावी खुपसली, मान्यता दिली. आता दादानं बदल आत घेणं तेवढं उरलं होतं. ओठातलं रक्त कळफलकावर ठिबकत होतं. पण जित्याची खोड. मान्य करता करता तिनं सगळं वाचलं होतं.

"मधल्या ओळीत चूक आहे. जुन्या लोकांच्या नोंदी पुसल्या जातील."

"थापा मारू नकोस."

"बघ की. कंपनी हसेल तुला."

त्यानं पाहिलं. चेहरा उतरला. दादा बहिणीचं बोट मोडू शकत होता, मोडकी ओळ तशीच ठेवू शकत नव्हता. हातोडी बाजूला ठेवून त्यानं ती दुरुस्त केली, पाठवली.

पडद्यावर अक्षरं आली: बदलात फेरफार झाला, आधीची मान्यता रद्द, पुन्हा वाचावे.

घाईत कुणी लबाडी करू नये म्हणून हा दुसरा नियम घातला होता एकट्या दादानं.

तो वळला तेव्हा यंत्रातून उपसलेली चावी टेबलावर होती आणि हातोडी चिमणीकडे. पहिल्या घावात चावी चेपली, दुसऱ्यात फुटली. तिसरा त्याच्या पुढे आलेल्या हातावर बसला.

तो हात पोटाशी धरून खाली कोसळला. ती शेजारी टेकली. हातोडी सोडली नाही.

"ओळ मात्र सुरेख दुरुस्त केलीस हो, दादा," ती म्हणाली.