लाल नॉब डावीकडे

नवी काच बसवून झाली की मी पडद्यावर चारही कडांनी बोट फिरवतो. कुठे टच मेलेला असेल तर तिथेच कळतं. वीस वर्षं फोन आणि टॅब्लेट दुरुस्त करतोय, हा माझा नेम आहे. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास दुकानात भाचीच्या टॅब्लेटवर असंच बोट फिरवलं. डावी कड दहा दिवसांनी पुन्हा जिवंत झाली होती, आणि मी स्वतःवर खूश झालो. मग सहज म्हणून तिचं विमानाचं पॅनेल उघडलं आणि बोट तिथेच थांबलं.

भाचीला आम्ही टिंगू म्हणतो. वय एकोणीस, उंची बेताची. विमानाच्या खुर्चीत बसायला तिला खाली उशी घ्यावी लागते. फ्लाइंग क्लबात ती विमान चालवायला शिकते, आणि घरी सरावासाठी मी तिला अडगळीच्या खोलीत कॉकपिट करून दिलंय. समोर कॉम्प्युटरचा मोठा पडदा, त्यात आकाश आणि धावपट्टी. त्याखाली, खऱ्या विमानात पॅनेल असतं बरोबर त्याच उंचीवर, हा टॅब्लेट. त्यावर वेग आणि उंची दाखवणाऱ्या तबकड्या, आणि खाली एका ओळीत तीन नॉब. बोटाने नॉब ओढला की कॉम्प्युटरातलं विमान ऐकतं. मोजमापं मीच घेतली होती, क्लबात जाऊन, खऱ्या विमानात वाकून, टेप लावून. तिचे सर हसले होते, पण मोजू दिलं.

एवढं मोजायचं कारण असं, की उतरताना नजर खाली न्यायची नाही. नजर बाहेर ठेवायची आणि नॉब हाताने शोधायचे. सर पहिल्या दिवसापासून एकच घोकत, की हाताला पाठ झालं पाहिजे. डावीकडे गरम हवेचा नॉब, मध्ये इंजिनाचा जोर कमीजास्त करणारा थ्रॉटल, उजवीकडे लाल नॉब. उतरायच्या तयारीला लागलं की आधी गरम हवेचा नॉब ओढायचा, म्हणजे इंजिनात बर्फ धरत नाही. लाल नॉब ओढला तर इंधन बंद होतं आणि इंजिनही. तो फक्त जमिनीवर, विमान उभं केल्यावर ओढायचा.

दहा दिवसांपूर्वी क्लबाचं विमान दुरुस्तीला गेलं आणि त्याच दिवशी आमचा टॅब्लेट स्टँडवरून पडला. डाव्या कडेची दोन बोटं रुंदीची पट्टी मेली, म्हणजे नेमका गरम हवेचा नॉब. एवढ्या जुन्या मॉडेलची काच मागवावी लागते. गिऱ्हाइकांच्या काचा मी तासाभरात बदलतो आणि घरच्या माणसाला दहा दिवस थांबवतो, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण सराव बुडायला नको, म्हणून मी डोकं चालवलं. पॅनेलच्या सेटिंगमध्ये जाऊन गरम हवेचा नॉब उजवीकडे आणला आणि लाल नॉब डावीकडे, त्या मेलेल्या पट्टीवर टाकून दिला. सरावात इंजिन चालूच असतं, लाल नॉबला हात लावायची वेळच येत नाही. ही अक्कल मी ताईसमोर मिरवूनही घेतली. ताई म्हणजे टिंगूची आई, माझी मोठी बहीण. ती म्हणाली, "तुला काय करायचं ते कर, फक्त माझी पोर सुखरूप परत आण." ती हे कशालाही म्हणते, भाजी आणायला पाठवलं तरी म्हणते.

पहिल्या दिवशी मी टिंगूला बजावलं होतं, "हे उलटं आहे हं, लक्षात ठेव." दोन दिवस तिचा हात अडखळत होता आणि ती हसत होती. तिसऱ्या दिवशी हात अडखळायचा थांबला. खरं म्हणजे तेव्हाच मी घाबरायला हवं होतं, पण मी तिला शाबासकी दिली. त्यानंतर रोज तीन-तीन तास, नजर धावपट्टीवर आणि हात बिनचूक उजवीकडे. ते उलटं आहे हे आम्हां दोघांच्याही डोक्यातून साफ गेलं. काल विमान परत आलं, आणि आज टिंगू पहिल्यांदाच एकटी उडणार होती.

मी काउंटरवरच्या त्या पॅनेलकडे बघत होतो. लाल नॉब डावीकडे. मी तिला फोन लावला, बंद. उडताना फोन कपाटात ठेवावे लागतात, मला माहीत होतं, तरी तीनदा लावला. क्लबाचा फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. मग टॅब्लेट पिशवीत कोंबला, शटर अर्धं ओढलं आणि स्कूटर काढली. कुलूप लावलं नाही हे मला सिग्नलला आठवलं.

क्लब पाऊण तासाचा रस्ता आहे. त्या पाऊण तासात मी स्वतःला काय काय सांगितलं! सरांनी तिला आज आधी बरोबर नेलं असेल, तिचा हात चुकला असेल, त्यांनी पकडला असेल, आणि आता ती कँटीनमध्ये बसून मला शिव्या घालत असेल. मग लगेच दुसरं मन म्हणायचं, नसेल पकडला तर? वाटेत खिशात फोन थरथरला. बाजूला थांबून पाहिलं तर ताई. मी उचलला नाही. काय सांगणार होतो? तुझ्या पोरीच्या हाताला मी इंजिन बंद करायला शिकवलंय, असं? फोन खिशात टाकून स्कूटर पुन्हा सुरू केली.

क्लबाच्या कुंपणापाशी पोचलो तेव्हा सर धावपट्टीच्या कडेला एकटेच उभे होते. हातात वायरलेस, मान वर. शेजारी तिची उशी वाळूच्या बादलीवर ठेवलेली दिसली आणि क्षणभर बरं वाटलं, की ती अजून खालीच आहे. मग लक्षात आलं, ती दुसरी उशी, बादलीवर बसायला घेतलेली. सरांची.

"अहो, या या," सर म्हणाले. "वेळेवर आलात. काय सुरेख उचललंय विमान तुमच्या भाचीने."

"तिला खाली घ्या."

"उतरेलच की. एकच फेरी आहे."

मी पिशवीतून टॅब्लेट काढला आणि त्यांच्यासमोर धरला. शब्द धड सुचत नव्हते. "हे असं होतं. दहा दिवस ती यावर बसली. गरम हवा उजवीकडे. मी केलं, काच फुटली म्हणून. ती लाल ओढेल, सर."

सरांनी पॅनेलकडे एकदाच पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं ते मला दिसलं. "सकाळी दोन फेऱ्या मारल्या तिच्याबरोबर," ते सावकाश म्हणाले. "दोन्ही वेळा गरम हवा मीच ओढली. ती रेडिओवर बोलत होती, म्हटलं तिला मोकळं ठेवू. ती माझी सवय आहे."

म्हणजे आम्ही दोघांनी मिळून केलं होतं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण रागाला जागाच नव्हती. लांबवर, झाडांच्या रांगेच्या वर, ते पांढरं विमान धावपट्टीला समांतर उलट्या दिशेने चाललं होतं. एवढंसं.

"त्या पाण्याच्या टाकीपाशी आली की ती गरम हवा ओढेल," सर म्हणाले. "अर्धं मिनिट आहे."

"मग सांगा ना तिला, लाल ओढू नको म्हणून."

"नाही." त्यांनी वायरलेस तोंडापाशी नेला आणि पुन्हा खाली घेतला. "एकटी आहे, पहिली वेळ आहे. लाल म्हटलं की डोक्यात लालच राहणार. त्यातला 'नको' ऐकू येईलच असं नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

त्यांनी टाकीकडे पाहिलं. इतकी उंची असताना लाल नॉब लगेच परत आत ढकलला तर इंजिन पुन्हा धरतं, हे मला ठाऊक होतं. पण धरतं ते ज्याला काय झालं ते कळतं त्याचं. टिंगूला वाटणार, आपण बरोबर केलं, इंजिनच बिघडलं. मग ती सगळीकडे शोधेल, फक्त स्वतःच्या हाताखाली बघणार नाही. मी कुंपणाचा खांब धरला. विमान टाकीकडे सरकत होतं. मला वाटलं त्यांच्या हातातला वायरलेस हिसकावून घ्यावा आणि ओरडावं. काय ओरडावं ते मात्र मला सुचत नव्हतं.

मग सर बोलले. इतक्या साध्या आवाजात, की जणू चहा सांगत होते. "टिंगू, ऐक. आज एक नवीन पद्धत. कुठल्याही नॉबला हात लावलास की तसाच ठेव, ओढू नकोस. खाली बघ, त्यावर काय लिहिलंय ते मला वाचून दाखव. मग ओढ. समजलं?"

खरखर. मग तिचा आवाज, जरा चिडका. "समजलं, सर. पण तुम्हीच म्हणता खाली बघू नको."

"आज बघ."

विमान टाकीच्या वर आलं. वायरलेस गप्प होता. इंजिनाची घरघर येत होती आणि मी ती कान देऊन ऐकत होतो, ती थांबू नये म्हणून. आयुष्यात मी कधी एवढं मन लावून काही ऐकलं नाही.

"सर, हात लावलाय," टिंगू म्हणाली. "वाचते." आणि मग ती थांबली. "सर, हा लाल आहे."

"बरं," सर म्हणाले. "सोड तो. हात काढ. आता गरम हवा शोध, वाच."

"गरम हवा. डावीकडे. वाचलं."

"ओढ."

इंजिनाचा आवाज खाली गेला. स्पष्ट खाली गेला, आणि मी डोळे मिटून घेतले. सरांनी माझा दंड धरला. "असंच होतं. गरम हवा आत गेली की आवाज थोडा उतरतो. चालू आहे इंजिन, ऐका." मी ऐकलं. चालू होतं. घरच्या कॉम्प्युटरला मी टिचभर स्पीकर लावलेत, त्यात हा फरक कधी कळलाच नव्हता. मोजायची ती मापं घेतली आणि हे राहिलंच.

ती वळली, पुन्हा वळली आणि धावपट्टीवर आली. दोन उड्या मारत उतरली, पण उतरली. विमान उभं राहिलं, पंखा थांबला. तो मात्र लाल नॉबनेच थांबवला असणार. मी तसाच मातीत बसलो. जीव भांड्यात पडला म्हणतात, पण माझा अजून काठावरच होता.

टिंगू बगलेत उशी घेऊन चालत आली. चेहरा पांढराफटक. माझ्याकडे बघून तिला आश्चर्य वाटलं नाही. "मामा, हात आपोआप गेला," ती म्हणाली. "मी पकडला होता तो. सरांनी सांगितलं नसतं ना, तर ओढलाच होता."

"माझी चूक," मी म्हणालो. "सगळी माझी."

"अर्धी माझी," सर म्हणाले.

टिंगूने आम्हां दोघांकडे पाहिलं. "तुम्ही वाटून घ्या. हात माझा होता." मग तिने माझ्यासमोर हात पसरला. "दे तो टॅब्लेट. आधी नीट कर आणि दे."

बाकावर बसून मी नॉब जागच्या जागी नेले. गरम हवा डावीकडे, लाल उजवीकडे. कॉम्प्युटरला जोडलेलं नसलं तरी नॉब पडद्यावर सरकतात. बोट घामाने ओलं झालेलं, नवी काच दोनदा पुसावी लागली. टिंगूने टॅब्लेट बाकाच्या पाठीला टेकवला, उशी घेतली, हात लांब करून अंतर जुळवलं आणि डोळे मिटले.

"बोल, मामा."

"गरम हवा."

तिचा हात सरळ, जराही न अडखळता, उजवीकडे गेला. तिने डोळे उघडले. बोट लाल नॉबवर होतं आणि नॉब ओढलेला होता. अजून वीस मिनिटंसुद्धा झाली नव्हती तिला उतरून. माझ्या अंगावर सरसरून काटा आला, तो वर विमान असतानाही आला नव्हता.

"सर," टिंगू म्हणाली, "मी उद्या उडणार नाही. परवाही नाही. हा हात वळेल तेव्हा सांगते."

सरांनी मान डोलावली आणि ते आमच्या शेजारी बाकावर बसले. खिशात फोन पुन्हा थरथरला. ताई. या वेळी मी उचलला आणि म्हणालो, "उतरलीय. माझ्या शेजारी आहे. घरी आल्यावर सगळं सांगतो, आणि मग तू मला काय बोलायचं ते बोल."

"गरम हवा," मी टिंगूला म्हणालो. उजवीकडे. "गरम हवा." उजवीकडे. मी मोजत होतो. अकराव्या वेळी हात मध्येच थांबला, हवेत राहिला, आणि हळूच डावीकडे गेला. मी श्वास सोडला. बाराव्या वेळीही डावीकडे. तेराव्या वेळी पुन्हा उजवीकडे.

टिंगूने डोळे उघडले नाहीत. तिने नुसताच हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. "परत," ती म्हणाली.