बारीक आवाजाच्या बाईची तोफ

मी तोफ बोलतेय. अहो, पळता कुठे? लढाईतली नव्हे, लाह्यांची! माझ्या काळ्याकुट्ट पोटात वाटीभर तांदूळ ओतायचे, झाकण आवळायचं, खाली जाळ लावून मला गरागरा फिरवायचं, आणि पोट तट्ट फुगलं की झाकणाला एक ठोसा. धडाऽऽम! वाटीभर तांदळाच्या टोपलंभर लाह्या. तुमच्या पोटाला जमतं का हे?

माझ्या पहिल्या मालकाला माझी भारी भीती. कानात कापूस, डोळे मिटलेले, तोंडाने देवाचा धावा, असा तो बार काढायचा. अशा माणसाच्या हाताला चव कुठून येणार? लाह्या कधी करपलेल्या, कधी कच्च्या. शेवटी त्याने मला भंगारवाल्याच्या दारात टाकलं. सहा वर्षं पडून होते. तेवढ्या काळात एका उंदरिणीने माझ्या पोटात तीन बाळंतपणं उरकली. भाडंसुद्धा मागितलं नाही मी.

मग एक दिवस बे मालसुन नावाची बाई किमचीच्या, म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या लोणच्याच्या, रांजणाला झाकण शोधत तिथे आली. सारं सोल्गोक गाव तिला मालसुनमावशी म्हणतं. तिने सहज माझ्या पोटावर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाली, "अगं बाई! काय गोड बोलते ही!" मी लोखंडाची, तरी लाजले. मावशी झाकण विसरली आणि मला हातगाडीवर घालून घरी घेऊन गेली.

नवरा दारातच उभा. "झाकण आणायला गेली होतीस ना?"

"हिलाही झाकण आहे," मावशी म्हणाली. खोटं नव्हतंच ते.

त्या दिवसापासून बाईला माझं वेडच लागलं. तांदूळ झाले, मका झाला, सोयाबीन झालं, वाळलेल्या भातवड्यांचे तुकडे झाले. एकदा तर नवऱ्याच्या उशीतला भुसासुद्धा माझ्या पोटात ओतला. भुसा काही फुलला नाही, नवरा मात्र दोन दिवस फुगून बसला. लाकडी पळीचं एक टोक माझ्या पोटाला, दुसरं आपल्या कानाला लावून ती आतले दाणे ऐकत बसायची. दाणा तयार झाला की तिचा डावा डोळा आपोआप मिटायचा आणि जिभेचं टोक बाहेर यायचं. मग बार. एक दाणा वाया जायचा नाही!

आमच्याकडे दर पाचव्या दिवशी बाजार भरतो. तिथे मावशी मला घेऊन बसू लागली. बोळक्या तोंडाच्या म्हातारीसाठी तिने जव असे मऊ फुलवले की म्हातारी रडलीच. लोहार नुसता बघायला थांबला आणि माझं गळकं झाकण काढून नवं फुकट बसवून गेला. मासेवाल्या ओक्बुनकाकूने आपल्या बांगड्यांच्या टोपल्या सरकवून आम्हाला अर्धा गाळा दिला, वर छत्री दिली. मावशीने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. मागायला सवड कुठे होती तिला?

सगळं छान, पण एक घोळ होता. बार काढायच्या आधी मालकाने "पाँग इयोऽऽ!" म्हणून जोरात ओरडायचं, म्हणजे लोक कान झाकतात, अशी आमच्याकडची रीत. आणि मालसुनमावशीचा आवाज? मुंगीच्या कानात कुजबुजावं तसा! तिचं "पाँग इयो" तिचं तिलाच ऐकू यायचं नाही. त्यामुळे टोफूवाल्याच्या हातून आठ वेळा टोफू पडला. एका कोंबडीने भलत्याच वेळी अंडं घातलं. आणि एकदा तर बाजारप्रमुख कू दोक्पे यांची कवळी उडून थेट बांगड्यांच्या टोपलीत पडली. कवळी काढायला तासभर गेला, कारण ओक्बुनकाकू म्हणत होती की प्रत्येक बांगडा हसतोय.

दोक्पेकाका संतापले. "मालसुन, बास झालं! मी कचेरीत कळवलंय. पुढच्या बाजाराला तपासनीस येणार. नीट ओरडलीस तर ठीक, नाहीतर जागा खाली कर!"

"घंटा वाजवली तर?"

"नियमात ओरडणे लिहिलंय. घंटा लिहिलेली नाही."

झालं! गळा नाही म्हणून गाळा जाणार, आणि मी पुन्हा उंदरांच्या प्रसूतिगृहात. मावशीने कच्ची अंडी गिळली. धबधब्याखाली उभी राहून चार दिवस किंचाळली. त्याने सर्दी झाली आणि होता तो आवाजही बसला.

बाजाराच्या दिवशी तपासनीस म्योंगबाई आल्या. हातात कागद, चेहरा इस्त्रीचा. "या बाईंचा आवाज पोचतो का?"

"डोंगरापलीकडे ऐकू जातो, बाईसाहेब!" ओक्बुनकाकू म्हणाली. आमच्या भाषेत पाँग म्हणजे धडाका, आणि पाँग म्हणजे थापही. काकूने दुसरा उडवला होता.

"मग ऐकवा," म्योंगबाई म्हणाल्या.

मावशीने बाह्या वर सारल्या. तिने जव ओतले, जाळ लावला, मला फिरवायला सुरुवात केली. मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू? पण तिने पळी कानाला लावली आणि दाणे बोलू लागले, तशी ती म्योंगबाईंना विसरली, दोक्पेकाकांना विसरली, गाळासुद्धा विसरली. तिला फक्त मी ऐकू येत होते. आणि मग तिचा डावा डोळा मिटला. जिभेचं टोक बाहेर आलं.

तो चेहरा बाजाराला तोंडपाठ होता!

"पाँग इयोऽऽ!" ओक्बुनकाकू ओरडली. "पाँग इयोऽऽ!" टोफूवाला ओरडला, टोफू खाली ठेवून. भाजीवाल्या, लोहार, बोळक्या तोंडाची म्हातारी, सगळा बाजार एका सुरात ओरडला. आणि सगळ्यांत वरचा आवाज कुणाचा? दोक्पेकाकांचा! एका हाताने कवळी घट्ट धरून माणूस बेंबीच्या देठापासून ओरडत होता.

धडाऽऽम!

धूर निवळला. म्योंगबाईंच्या केसांत लाह्या, तोंडातही एक. त्यांनी ती चावली. मग दुसरी केसांतून काढून चावली.

"नियमाप्रमाणे ओरडणाऱ्याचं नाव लिहावं लागतं," त्या म्हणाल्या. "कोण ओरडलं?"

"मी!" "मी!" "बाईसाहेब, मी!"

"माझं आधी लिहा," दोक्पेकाका म्हणाले. "मी पदाधिकारी आहे."

म्योंगबाईंनी थोडा विचार केला आणि कागदावर लिहिलं : ओरडणारा, अख्खा बाजार. खाली सही, शिक्का. मावशी हुंदके देऊन रडली, पण आवाज बसलेला, त्यामुळे ते फक्त मला कळलं.

मी काही शहाणी नाही, पोटात वाफ भरलेली म्हातारी आहे. पण एवढं पाहिलं, की ही बाई सगळं विसरून माझ्या पोटाला कान लावून बसली आणि लोक आपणहून येत गेले. कुणी छत्री दिली, कुणी झाकण. जो तिच्याकडे मुळीच नव्हता, तो गळासुद्धा लोकांनीच दिला.

आता माझी कड झिजलीय, एक पाय विटेवर आहे. तरी दर पाचव्या दिवशी मी गरागरा फिरते. कधी आलात, तर एक विनंती. मावशीचा डावा डोळा मिटला, की कुठल्याही भाषेत ओरडा आणि कान झाका. तोंड मात्र उघडंच ठेवा. लाह्या कुठवर उडतील, सांगता येत नाही.