लोमोतेमामाची लाल पेटी

मामाची अंत्ययात्रा टेशी गावच्या रस्त्यावरून, तिथल्या रिवाजाप्रमाणे, नाचत निघाली आणि आमेर्लेला ते जुने दिवस आठवले.

तेव्हा तिचे पाय सुजले होते, लघवीला फेस यायचा. घरच्यांनी मलेरिया ठरवून टाकला. डॉक्टरीणबाईंनी मात्र सुईनं मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला. "शरीराचे पहारेकरीच मूत्रपिंडावर उठलेत. हा आजार क्वचितच होतो, पण औषध आहे."

मामा शवपेट्या घडवणारा. ज्याचा जो धंदा त्या आकाराची पेटी: कोळ्याला मासा, ड्रायव्हरला बस. 'मूत्रपिंड' ऐकताच तो पुढचं न ऐकता पळाला आणि रडत रडत भाचीसाठी लालभडक मूत्रपिंडाच्या आकाराची पेटी घडवून बसला.

आमेर्ले स्टेरॉइडनं फुगलेले गाल घेऊन, पण चालत परतली.

"मामा, हे काय?"

"आता कोण घेणार गं असली पेटी?"

"तूच झोप तीत!"

मग कित्येक वर्षं दोघं त्याच पेटीवर बसून केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, आणि मासे खायची.

आज मामाची वाकलेली पाठ तीत अगदी बेतल्यासारखी बसली होती. रस्त्यावरची एक बाई पेटीचा लाल दाण्यासारखा आकार बघून हळहळली, "चवळीवाला गेला वाटतं."

"हो ना मावशी," आमेर्ले डोळे पुसत म्हणाली, "फार गोड असायची त्याची चवळी."